स्वल्पविराम शिकवताना आलेला अनुभव

आठवीच्या वर्गाला मराठी शिकवताना पूर्णविरामाने किंवा प्रश्नचिन्हाने मला फारसा त्रास दिला नाही. यादीतला स्वल्पविरामही मुलांना लगेच समजला. ‘बाजारातून कांदे, बटाटे, वांगी आणि कोथिंबीर आणली’ या वाक्यात ‘आणि’च्या आधी तो येत नाही, एवढे सांगून पुरले. गाडी अडली ती एका व्याख्येपाशी, आणि त्या व्याख्येचा राग मला अजूनही येतो. ‘वाचताना जेथे थोडे थांबतो, तेथे स्वल्पविराम द्यावा’ हे वाक्य मुले खालच्या वर्गांतून आणि बाजारातल्या मार्गदर्शक पुस्तकांतून पाठ करून आलेली असतात.

या व्याख्येने नेमके काय होते, ते एका निबंधात दिसले. ‘रात्रभर पाऊस पडल्यामुळे आमच्या गावाजवळचा ओढा, दुथडी भरून वाहत होता’, असे एका मुलीने लिहिले होते. कारण विचारल्यावर तिने वाक्य मोठ्याने वाचून दाखवले आणि ‘ओढा’ या शब्दापाशी ती खरोखरच थांबली. तिने शिकवलेला नियम प्रामाणिकपणे पाळला होता. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते, त्यामुळे लांबलचक कर्त्यानंतर श्वास घ्यावाच लागतो; मात्र कर्ता आणि त्याचे क्रियापद यांच्यामध्ये नुसत्या श्वासासाठी चिन्ह घालणे चूकच. शिवाय प्रत्येकाचा श्वास वेगळा असतो. भरभर वाचणाऱ्यांच्या वह्यांत स्वल्पविराम जवळजवळ नसत, तर अडखळत वाचणाऱ्यांच्या वह्यांत ते जागोजागी सांडलेले असत. हीच मुले परीक्षेतल्या ‘योग्य विरामचिन्हे घाला’ या प्रश्नात पूर्ण गुण मिळवत, कारण तेथे ठरावीक साच्याची सुटी वाक्ये येतात, आणि म्हणून ही उणीव वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

शेवटी मी थांबण्याची भाषाच वर्गातून काढून टाकली आणि मुलांना आधी क्रियापदाखाली रेघ मारायला लावली. येथेही बराच काळ अडलो, कारण ‘पडल्यामुळे’, ‘जाऊन’, ‘करताना’ यांच्याखालीही रेघा येऊ लागल्या. ‘या शब्दावर वाक्य संपवून पूर्णविराम देता येईल का?’ हा प्रश्न प्रत्येक रेघेला विचारायची सवय लागली, तेव्हा कोठे ही रूपे बाजूला पडली. त्यानंतर ‘जर पाऊस पडला, तर सामना होणार नाही’, ‘जो अभ्यास करतो, त्याला परीक्षेची भीती नसते’ अशा वाक्यांतला सांधा मुलांना आपोआप दिसू लागला. त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला.

‘की’चा प्रश्न त्यानंतर आला. बोलताना आपण ‘की’ म्हणून थांबतो, म्हणून मुले ‘आई म्हणाली की, उद्या जाऊ’ असे लिहितात. छापील मराठीत दोन्ही रीती आढळतात. माझ्या मते ‘की’पासून पुढचे वाक्य सुरू होते, त्यामुळे चिन्ह त्याच्या आधी यावे, आणि वर्गात मी तीच एक रीत ठेवली. शिक्षकांनी आपापसांत ठरवून एकच रीत ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

संबोधन खरे तर मी सर्वांत आधी शिकवायला हवे, असे आता वाटते, कारण त्यात अर्थच बदलतो. ‘आई, बाबा आले’ आणि ‘आई-बाबा आले’ ही दोन वाक्ये फळ्यावर लिहिली, की वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ‘मुलांनो’ या रूपात हाक प्रत्ययातूनच कळते. ‘आई’ला असा प्रत्यय नाही, म्हणून तेथे सगळा भार स्वल्पविरामावर येतो.

ही चिन्हे मुळात कशासाठी, असे विचारणाऱ्या मुलांना मी मोडीतल्या एका जुन्या पत्राची प्रत दाखवली. त्यात शब्दही सलग लिहिलेले असल्याने एक शब्द कोठे संपतो, हेच त्यांना सांगता येईना. मग १८३१ च्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या कामात सहभागी असलेले मेजर थॉमस कँडी यांनी मराठीत विरामचिन्हे रुजवली, ही माहिती त्यांनी लक्ष देऊन ऐकली.

श्रुतलेखन घालताना स्वल्पविरामापाशी मुद्दाम थांबू नये. सलग वाचावे आणि चिन्हे मुलांना नंतर घालू द्यावीत. वह्या तपासताना एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवावी, म्हणजे मूल तेवढी चूक तरी स्वतः शोधून दुरुस्त करते.