तुम्ही विचारलंत म्हणून: हिंगण्याची ती नोकरी का घेतली नाही

एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल. लग्नात, मेट्रोत, ज्युनियर पोरींच्या मेसेजमध्ये आणि काकूंकडून दर सणाला तोच प्रश्न येतो: "घराजवळ कंपनी. इंटर्नशिप संपायच्या आधीच ऑफर हातात. मेकॅनिकलच्या किती पोरींना मिळते? तू काहून नाही म्हटलं?"

विचारणाऱ्यांकडे उत्तरं तयारच असतात. ऊन सोसलं नसेल. शॉपमध्ये सगळे पुरुष, त्याचं काही झालं असेल. पुण्याचं वेड असेल. यातलं एकही खरं नाही. मी नागपूरची आहे, उन्हाचं कौतुक मला सांगू नका. शॉपमधल्या वेल्डर-फिटर दादांनी जेवढं शिकवलं तेवढं चार वर्षांच्या वर्कशॉप प्रॅक्टिकलमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. (बायकांच्या टॉयलेटची किल्ली ऑफिसातून मागून आणावी लागायची, हे खरं. पण त्यापायी नोकरी नाकारली नाही. दुसरी कोणी नाकारली असती तर मी तिला नावं ठेवली नसती.) आणि पुण्याला जायचंच असतं तर गेले असते, अर्धी बॅच चाकण-हिंजवडीत बसली आहे.

कारखाना नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतला, प्रेशर व्हेसल (आतला दाब पेलणाऱ्या जाड पत्र्याच्या टाक्या) आणि हीट एक्स्चेंजर बनवणारा. नाव सांगणार नाही, विचारूही नका. सकाळी लोकमान्य नगरला मेट्रोतून उतरायचं, पुढे ऑटो. शेवटच्या सेमिस्टरची इंटर्नशिप होती आणि मला क्वालिटीत टाकलं होतं. 1961 च्या कायद्यातल्या ॲप्रेंटिसला निदान करार असतो, अपघात झाला तर मालकावर जबाबदारी असते. मी त्यातली नव्हते. गेटवरच्या रजिस्टरमध्ये माझं नाव शेवटपर्यंत व्हिजिटरच्या रकान्यात लिहिलं गेलं. स्टायपेंडमध्ये मेट्रो आणि चहा भागायचा. तक्रार नाही, सगळ्यांचं तसंच असतं.

आता तो दिवस.

मार्च संपत आला होता. ज्यांनी कारखाना पाहिलाय त्यांना यापुढे सांगायला नको: माल 31 तारखेच्या आत गेटबाहेर पडला तरच त्याचं बिल त्या वर्षात. एका व्हेसलची हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाब चढवून बघायची चाचणी) दुसऱ्या दिवशी सकाळी लागली होती, बाहेरचा इन्स्पेक्टर येणार होता. त्याआधी नोझलच्या (व्हेसलला पाइप जोडायच्या तोंडाच्या) वेल्डची डीपी, म्हणजे डाय पेनिट्रंट टेस्ट आणि तिचा रिपोर्ट फाइलला हवा होता. आतली क्रेन दुसऱ्या जॉबला अडकलेली, म्हणून व्हेसल बाहेर यार्डात, उघड्यावर. दुपारची वेळ. क्वालिटीतल्या माझ्या सरांनी मला सांगितलं, "तू लाव डीपी, मी येतो पाहायला."

डीपी म्हणजे काही रॉकेट सायन्स नाही. वेल्ड साफ करायचा, लाल पेनिट्रंट मारायचा, दहा मिनिटं थांबायचं. मग क्लीनरनं ओलसर केलेल्या कापडानं पुसायचं. क्लीनर थेट वेल्डवर फवारायचा नाही, नाहीतर फटीत शिरलेला लाल रंगही धुऊन निघतो. मग पांढरा डेव्हलपर, चुन्याचा एक पातळ हात द्यावा तसा. फट असेल तर आतला लाल रंग पांढऱ्यावर चढून येतो. मी हे सगळं पुस्तकाबरहुकूम केलं. एका नोझलच्या वेल्डच्या कडेला, जिथे वेल्ड शेलला (व्हेसलच्या मुख्य पत्र्याला) मिळतो तिथे, आधी दोन-तीन लाल ठिपके दिसले. मग ते एकमेकांकडे सरकले आणि करंगळीच्या नखाएवढी रेष झाली. लांबी रुंदीच्या तिपटीहून जास्त असली की कोड (व्हेसल बनवायची-तपासायची नियमावली) तिला रेषच धरतो, आणि इथे मोजायचीही गरज नव्हती.

सर आले. वाकून पाहिलं. मग शेलवर तळहात टेकवला आणि झटकन उचलला.

"गन आण."

वेल्डिंगआधी पत्रा किती तापवलाय ते तपासायची टेम्परेचर गन मी आणली. 57 अंश.

"डीपी किती टेम्परेचरपर्यंत चालते?"

मला पाठ होतं. "5 ते 52, सर."

"मग ही टेस्टच नाही झाली. तापलेल्या पत्र्यावर पेनिट्रंट वाळते, काहीही दिसते. आणि हे अंडरकट आहे थोडंसं, त्याच्यात कलर बसला. क्रॅक असा नाही दिसत, पोरी. वीस वर्षं पाहून राहिलो मी." (अंडरकट म्हणजे वेल्डच्या कडेला पडलेली खाच.) खिशातल्या कापडानं त्यांनी डेव्हलपर पुसला. डेव्हलपर मारून पाचेक मिनिटं झाली असतील. निकाल दहा मिनिटांच्या आत द्यायचा नसतो, हेही मला पाठ होतं आणि त्यांनाही.

मी म्हटलं, "मग संध्याकाळी पत्रा गार झाला की पुन्हा लावू का? थोडं ग्राइंड करून?"

"संध्याकाळी पाणी भरायचं आहे. रिपोर्ट बनव."

माझं सगळं भांडण या एका जागेवर अडकलंय, म्हणून नीट वाचा. सरांनी मला खोटं पाडलं नाही. त्यांनी नियमानंच हरवलं, आणि नियम बरोबर होता. 57 अंशांवरची ती टेस्ट खरंच ग्राह्य नव्हती. पण ग्राह्य नसलेल्या टेस्टचा निकाल "सॅटिसफॅक्टरी" कसा लागतो? टेस्ट बाद असेल तर रेषही बाद, कबूल. मग पासही बाद. बादही आणि पासही, एकाच दुपारी, एकाच नोझलवर?

मी फॉरमॅट भरला. जॉब नंबर, मटेरियल, पेनिट्रंटचा बॅच नंबर, तारीख. पत्र्याचं तापमान आणि निकाल हे दोन रकाने कोरे सोडले आणि फाइल सरांच्या टेबलावर ठेवली. याला धाडस म्हणू नका. निकाल द्यायचा अधिकार लेव्हल टू (तपासणीतली पात्रतेची पायरी) असलेल्याचा, म्हणजे त्यांचाच होता. मी लेव्हल वनही नव्हते. कोरा रकाना ही माझी पायरीही होती आणि पळवाटही. संध्याकाळी दोन्ही रकाने भरलेले होते. तापमान 38.

रात्री कॉलेजच्या गाइडना फोन केला. ते म्हणाले, "तू सर्टिफिकेट घे आणि नीघ. रिपोर्टवर सही तुझी आहे का?" नव्हती.

सकाळी हायड्रो झाली. आखलेल्या दाबाच्या 1.3 पट दाब चढवला, गेजचा काटा तसूभर हलला नाही, कुठे ओल नाही. इन्स्पेक्टरनं सही केली. सरांनी सगळ्यांना तर्री पोहे मागवले आणि माझ्या प्लेटमध्ये तर्री जास्त घालायला लावली. त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. मला वेल्ड सिम्बॉल वाचायला त्यांनीच शिकवलं, वेल्डच्या एक्स-रेच्या फिल्मा डोळ्यासमोर धरून स्लॅग (अडकलेली मळी) कुठला आणि पोरॉसिटी (बारीक छिद्रं) कुठली हे त्यांनीच दाखवलं. मे महिन्यात मला ऑफर मिळाली ती त्यांच्याच शब्दावर. आणि मी नाही म्हटलं.

हे सांगितलं की लगेच दुसरा प्रश्न येतो: "पण टेस्ट तर पास झाली ना?" झाली. हायड्रो गळती दाखवते, आणि इतका दाब व्हेसल पेलते का तेवढं दाखवते. पत्र्याच्या आरपार न गेलेली बारीक फट त्यात गपचूप बसून राहू शकते. पुढे दाब चढ-उतार होत राहिला की ती वाढते, किंवा कधीच वाढत नाही. शिवाय सर म्हणाले तसं ते नुसतं अंडरकट असण्याची शक्यता चांगलीच होती. आज मला विचाराल तर ती अर्ध्याहून जास्त धरेन.

आज मी स्वतः लेव्हल टू आहे. एका छोट्या एनडीटी (वस्तू न तोडता तपासणी) एजन्सीत काम करते, वीजकेंद्रांच्या ओव्हरहॉलला जाते. शटडाउनमध्ये प्रत्येक तासाचा हिशेब असतो आणि साइटचा माणूस मागे उभा राहून घड्याळ बघत असतो. बावीस वर्षांची मी तेव्हा सरांकडे जशी बघत होते तशी आता एखादी ट्रेनी माझ्याकडे बघते. "हे नॉन-रेलेव्हंट आहे" (म्हणजे रंग दिसला तरी दोष नाही) असं मीही म्हटलंय, आणि ग्राइंड करून पुन्हा टेस्ट लावलीय. अजून तरी. हे दोन शब्द मी मुद्दाम घातलेत.

त्या बावीस वर्षांच्या मुलीला वाटायचं की कारखाना खोटा आणि आपण खऱ्या. मला ती आता जरा आगाऊ वाटते. तिला पगार द्यायचा नव्हता, क्रेन मोकळी करायची नव्हती, 31 तारीख तिची नव्हती. पण ते 38 आठवलं की मी पुन्हा तिच्याच बाजूला जाते. सर "क्रॅक नाही" म्हणाले ते अनुभवावर म्हणाले असतील. 38 हा आकडा कुठल्या अनुभवातून आला?

बाबांना मात्र हे काही पटत नाही. एजन्सीत सुरुवातीचा पगार त्या ऑफरपेक्षा कमी होता, हा त्यांचा पहिला मुद्दा, आणि तो खराच आहे. दुसरा मुद्दा मला जास्त बोचतो: रकाना कोराच सोडायचा होता तर नोकरी घेऊनही सोडता आला असता, आणि तेव्हा त्याला वजन आलं असतं. मी म्हणते, दोन महिन्यांत भरायला शिकले असते. ते म्हणतात, "तुले तुझ्यावर एवढाच भरोसा होता का?" गेल्या रविवारी पुन्हा झालं हे भांडण, आईनं ताटं वाढली म्हणून थांबलं. त्यांचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही.