शटरमागचे चार ठिपके

श्रावण संपता संपता माझ्या पोटात मुरडा सुरू झाला. आळ अर्थातच इंदूरच्या सराफ्यातल्या भुट्ट्याच्या किसावर. किसावर नाही म्हणा, त्यावरच्या चटणीवर. भाचा म्हणाला, "मामा, हे कालपरवाचं नाही. दोन-चार आठवडे मागे जा." आता दोन-चार आठवड्यांत पाय मोकळे करायला म्हणून मी रात्री राजवाड्याकडे किती वेळा गेलो, हा हिशेब बायकोसमोर मांडण्यासारखा नव्हता. मी विषय बदलला.

भाचा पॅथॉलॉजीत तंत्रज्ञ. घरचाच पेशंट म्हणून त्यानं मला थेट सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. आपलाच नमुना आपणच डोळा लावून बघायचा, यात लाजायचं कशाला? सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या डच लेव्हेनहुकनं १६८१ साली स्वतःच्या जुलाबात जियार्डिया नावाचा आतड्यातला एकपेशी जीव पाहिला आणि पत्रानं लंडनला कळवलासुद्धा.

काचेवर आयोडीनचा थेंब होता. आधी नुसता कचरा दिसला. मग भाच्यानं पट्टी जरा सरकवली आणि एक पिवळट गोटी समोर आली, भिजल्या साबुदाण्यासारखी. "बारीक स्क्रू हळूहळू फिरवा." फिरवला. गोटीत एक कडं उमटलं, कड्याच्या मधोमध ठिपका. आणखी फिरवला; पहिलं पुसट झालं, दुसरं वर आलं. सगळी एका पातळीवर नसतातच. तिसरं सापडलं, चौथ्यासाठी पुन्हा उलटं फिरावं लागलं.

ही कडी म्हणजे केंद्रकं, आणि गोटी म्हणजे मिटून बसलेला एन्टामिबा, आतड्यात राहणारा एकपेशी जीव. एन्टामिबा जागा असतो तेव्हा त्याला एकच केंद्रक असतं, आणि तसा उघडावाघडा तो शरीराबाहेर फार टिकत नाही. म्हणून मोठ्या आतड्यात असतानाच तो खाणंपिणं, फिरणं थांबवतो, गोल होतो आणि भोवती कायटिनची भिंत उभी करतो. शिदोरीला ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, घेतो. प्रथिनं घडवणारे रायबोसोमसुद्धा टाकून देत नाही. चळत लावून ठेवतो. ती चळत सिगारच्या आकाराच्या कांडीसारखी दिसते. इथवर आपल्या बाहेरगावी जाण्याच्या तयारीसारखंच सगळं. पण दार लावून घेतल्यावर हा पठ्ठ्या आत केंद्रकाची दोन करतो, दोनाची चार. पेशी मात्र एकच राहते. पुढे कुणाच्या तरी लहान आतड्यात भिंत उघडली की चाराची आठ होतात आणि आठ पिल्लं आपापल्या वाटेला लागतात.

कॉलेजात आम्ही याला 'सुप्तावस्था' म्हणायचो. तो शब्द मला आता फसवा वाटतो. सराफ्यात सोन्याचांदीची शटरं पडतात तेव्हाच ओट्यांवर कढया चढतात. ते बंद झालं असं इंदुरात कोण म्हणेल?

सगळ्यांची आवराआवर मात्र अशी नसते. डबक्यातले काही केसाळ एकपेशी जीव (सिलिएट) नेमकं उलटं करतात. पाणी आटायला लागलं की आपली मोठी केंद्रकं एकत्र करून त्यांचा एकच गोळा बांधतात. आमच्या आजीची वळकटी आठवली. चार गाद्या, एक दोरी.

"चारच आहेत ना? नीट मोजा," भाचा म्हणाला. मोजणीला महत्त्व होतं. पिकलेल्या गोटीत आठ निघाली तर ती एन्टामिबा कोलाय, निरुपद्रवी पाहुणी. घरी जाऊन चहा प्यायचा. चार निघाली तर मुरडा आणणाऱ्या एन्टामिबा हिस्टोलिटिकाचा संशय. संशयच, कारण डिस्पार नावाचा त्याचा गरीब भाऊ सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तसाच दिसतो, चार केंद्रकांसकट. मी पुन्हा मोजली, पाचवं सापडावं म्हणून स्क्रू जरा जास्तच फिरवला. चारच.

डॉक्टरांनी माझा मुरडा आणि रिपोर्ट दोन्ही बघून दोन औषधं दिली. पहिलं मेट्रोनिडाझोल, आतड्याच्या भिंतीत शिरलेल्या जाग्या मंडळींसाठी. त्या आठवड्यात पोह्यांनाही पितळेची चव लागत होती. आतड्याच्या पोकळीत मिटून बसलेल्यांवर ते पुरेसं चालत नाही, म्हणून मागून दुसरं. दोन्ही पाकिटं सारखीच दिसायची आणि माझा गोंधळ व्हायचा. शेवटी बायकोनं बॉलपेननं दुसऱ्यावर लिहून ठेवलं: 'शटरवाल्यांसाठी'.