नाकाला कणिक

पिळलेल्या रबरावर उडणाऱ्या छोट्या विमानाच्या किटचा खोका हातात आला तेव्हा आधी वाटलं रिकामाच पाठवलाय की काय, इतका हलका. आत बाल्सा लाकडाच्या पातळ फळ्या, त्यात लेझरने कापलेल्या पंखाच्या बरगड्या, टिश्यूचा कागद, रबराची लड, प्लॅस्टिकचा पंखा आणि अख्खं डायनिंग टेबल व्यापेल एवढा प्लॅन. मी पोरीला म्हटलं दोन रविवारात उडवू. पाच लागले.

बाल्सा म्हणजे लग्नातल्या बाशिंगाचं भेंड असतं ना, साधारण तसं, नख लागलं तरी खड्डा पडतो. आणि तरी वनस्पतीशास्त्रवाले याला कठीण लाकडात धरतात, कारण झाड रुंद पानांचं! मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेचं, आजही बरंचसं इक्वाडोरहून येतं, आणि नात्याने आपल्या काटेसावरीच्या कुळातलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी मॉस्किटो नावाचं खरंखुरं लढाऊ विमान बर्च लाकडाच्या प्लायमध्ये बाल्सा भरून बनवलं होतं, हे कळल्यावर टेबलावरच्या भुश्याकडे जरा आदराने बघायला लागलो (बायको नाही).

तर प्लॅनवर प्लॅस्टिकचा कागद पसरायचा, त्यावर काड्या टाचण्यांनी धरायच्या, सांध्याला गोंदाचा थेंब लावायचा आणि मग रात्रभर काही करायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. चौथी बरगडी मी घाईत उचलली ती मधोमध मोडली, मग ती सांधली, सांधा पक्का व्हावा म्हणून अजून गोंद, मग शेपटी नाजूक वाटली म्हणून तिला पण सढळ हाताने गोंद. टिश्यू चिकटवल्यावर तो म्हाताऱ्याच्या गालासारखा सुरकुतलेला दिसत होता, त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारला आणि वाळता वाळता तो असा ताणला गेला की टिचकी मारली तर टप्प वाजायला लागला. पोरगी अर्धा तास तेच वाजवत बसली.

मग बॅलन्स. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांशावर दोन बोटांवर विमान तोलायचं. तोललं, तर शेपूट धप्पकन खाली. कारण शेपूट लांब, नाक आखूड, त्यामुळे मागे एक ग्रॅम वाढला की पुढे दोन-तीन ग्रॅम घालावे लागतात. म्हणजे महिनाभर पॉलिश पेपर घासून घासून जे वजन उतरवलं, ते शेवटी नाकाला चिकटवायचं. घरात क्ले नव्हती. पोळ्यांसाठी मळलेली कणिक होती.

“अरे, विमानाला कणिक?”

“तात्पुरती गं.”

सकाळी बघतो तर विमानाच्या नाकाला मुंग्या. शेवटी क्ले आणलीच.

आधुनिक रबरी विमानाचा मान आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाकडे जातो, 1871 मध्ये पॅरिसच्या त्युइलरी बागेत त्याचं विमान 11 सेकंद उडलं होतं. तेव्हा मी आमचं टार्गेट बारा सेकंद ठेवलं. वारा पडलेला असतो म्हणून सकाळी सहाला मैदानावर गेलो, रबराला पीळ दिले, पोरीने हात उंच करून सोडलं. विमान आधी जरा खाली गेलं, माझ्या पोटात गोळा, मग उचललं, डावीकडे ऐटीत वळलं, फेऱ्या मारणारे दोन आजोबा थांबून वर बघायला लागले आणि पोरगी ओरडत मोजत होती. सातव्या सेकंदाला ते गवतात उतरलं.

“बाबा, शेपूट तुटली.”

आता शेपटीला गोंद लागणार. म्हणजे नाकाला परत क्ले.