अंडं आधीच कापलं असतं तर?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न दर हंगामात जवळजवळ याच शब्दांत येतो: "बॉल पायथन या पाळीव अजगराची सहा अंडी होती. चार पिल्लं बाहेर आली, दोन आतच गेली. अंगावर नक्षीसकट पूर्ण वाढलेली होती. एक दिवस आधी अंडं कापलं असतं तर वाचली असती का?"

बहुतेक वेळा नाही. दिवस भरल्यावर मेलेलं सापडलेलं पिल्लू त्या दिवशीच मेलेलं असतं असं नाही. तेव्हा ते अंडं कचऱ्यात टाकण्याआधी हातमोजे घाला, पांढऱ्या बशीत ठेवून उघडा आणि चांगल्या उजेडात पाच मिनिटं नीट बघा. हे करताना वाईट वाटतं, पण "काय चुकलं" याचं उत्तर दुसरीकडे कुठे मिळत नाही.

पहिल्यांदा बलक बघा. सापाचं पिल्लू अंड्याला चीर पाडण्याच्या सुमाराला उरलेला बलक पोटात ओढून घेतं. भावंडं बाहेर पडलेली असताना याचा बलक मोठा, पोटाबाहेरच असेल आणि कातडी हाताला सुटत असेल, तर ते काही दिवस आधीच गेलेलं आहे. कात्रीने काही झालं नसतं. बलक आत गेलेला, पण आतला पडदा सुकून अंगाला चिकटलेला असेल, तर अंडं कोरडं पडलं. पिल्लू सुजलेलं, गुबगुबीत, आजूबाजूला भरपूर पाणी असेल, तर माध्यम (अंडी ज्यात मांडतो ते ओलसर अंथरूण) फार ओलं होतं असा संशय घ्या. पाठीला बाक, शेपटीला गाठी, डोळे लहान असं असेल तर दोनच मोठे संशयित उरतात: जादा उष्णता किंवा आनुवंशिक दोष. एकाच पिल्लात दिसलं तर त्यावरून काहीच ठरवू नका. अर्ध्या घाण्यात (मादीने एका वेळी घातलेल्या अंड्यांत) दिसलं तर थर्मामीटरकडे वळा. आणि आत नुसता पिवळा द्रव असेल, एकही रक्तवाहिनी नसेल, तर ते अंडं बहुधा फलितच नव्हतं. त्याचा शोक करण्यात अर्थ नाही.

आता उष्णतेबद्दल, कारण सगळ्यात जास्त अंडी तिथेच जातात. बॉल पायथनला ३१ ते ३२ अंश सेल्सिअस लागतं आणि साधारण ५५ ते ६० दिवस. कॉर्न स्नेकला २६ ते २९ पुरतं. लेपर्ड गेको (पालीची एक जात) २६ ते ३२ अंशांत उबतो, पण त्याचे दिवस तापमानाप्रमाणे फार बदलतात: ३२ला पाच-सहा आठवडे, २७ला दोन महिन्यांच्याही पुढे. "पन्नास दिवस झाले, अजून काहीच नाही" म्हणून घाबरून २७ अंशांवरचं जिवंत अंडं फोडल्याची उदाहरणं कमी नाहीत. दिवस मोजायचे तर तापमान शेजारी लिहून मोजा.

इन्क्युबेटरच्या (अंडी उबवण्याच्या यंत्राच्या) पडद्यावरचा आकडा हवेचा असतो, अंड्याचा नसतो. दुसऱ्या थर्मामीटरचा प्रोब (मोजणारं टोक) अंड्यांच्या डब्यात, अंड्यांच्या उंचीवर ठेवा आणि अंडी येण्याआधी आठवडाभर यंत्र रिकामं चालवून बघा. मोकळ्या जागेत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या की वीज गेली तरी उष्णता हळूहळू उतरते. काही तास चार-पाच अंश खाली गेलं तर अंडी बहुधा सोसतात, तेवढंच वर गेलं तर सोसत नाहीत. म्हणून तापमान राखणारा थर्मोस्टॅट बिघडला तर तो बंद अवस्थेत बिघडलेला परवडतो. शेवटच्या आठवड्यांत पिल्लं स्वतःही थोडी उष्णता सोडतात आणि मोठ्या घाण्यात ती जाणवते. तेव्हा त्या काळात आकडा रोज बघावा.

ओलाव्याचं गणित वजनावर करा, अंदाजावर नको. १०० ग्रॅम व्हर्मिक्युलाइटला (पाणी धरून ठेवणारं दाणेदार खनिज, हेच माध्यम) ८० ते १०० ग्रॅम पाणी. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण थेंब गळू नये. अंडी मांडून झाकण लावलेल्या डब्याचं वजन पहिल्या दिवशी लिहून ठेवा. अंड्यांनी शोषलेलं पाणी डब्यातच राहतं, त्यामुळे वजन जेवढं घटेल तेवढंच पाणी बाहेर गेलं. तेवढे ग्रॅम कोमट पाणी कडेने घाला, अंड्यांवर नको. अंडं सुरुवातीच्या आठवड्यांत पिचकलं तर ते कोरडेपणाचं लक्षण. शेवटच्या एक-दोन आठवड्यांत पिचकलं तर ते बहुधा नेहमीचंच, पाणी ओतायला धावू नका. याच टप्प्यावर घाबरून पाणी ओतणारे फार.

उबवणीच्या शेवटच्या एक-तृतीयांश दिवसांत हवेची गरज वाढते. घट्ट झाकणाचा डबा आठवड्यातून एकदा, आणि शेवटी दोन-तीनदा, मिनिटभर उघडायचा. एवढं पुरतं.

अंडी उचलताना वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा आणि ती बाजू वरच ठेवा. पहिल्या एक-दोन दिवसांत भ्रूण वरच्या बाजूला स्थिरावतो. त्यानंतर अंडं उलटं झालं तर तो दबतो. एकमेकांना चिकटलेली अंडी ओढून सोडवू नयेत. त्यातलं एखादं बुरशीने भरलं तरी शेजारचं चांगलं अंडं सहसा टिकतं. बुरशी कोरड्या कापसाने पुसा आणि खोलीत अंधार करून टॉर्चने बघा. लालसर जाळं दिसलं तर अंडं जिवंत आहे. नुसतं लाल कडं उरलं असेल तर भ्रूण सुरुवातीलाच गेला. शंका असेल तर अंडं राहू द्या. मेलेलं अंडं थोड्याच दिवसांत वासाने स्वतःच सांगतं.

एवढं सगळं करूनही एखाद्या वेळी कापावं लागतं. माझं मत: घाण्यातल्या पहिल्या पिल्लाने चीर पाडल्यानंतर चोवीस तास हात मागे बांधून बसायचं, आणि त्याआधी कधीच कापायचं नाही. मग टॉर्चने वाहिन्या शोधून त्यांच्यावर पेन्सिलने रेघा ओढायच्या. वरच्या बाजूला, रेघांपासून दूर, बारीक टोकाच्या कात्रीने एक सेंटिमीटरची चीर. टोक आडवं धरायचं, खाली खुपसायचं नाही. कवच कातड्यासारखं कापलं जातं आणि पारदर्शक चिकट द्रव येतो. रक्त आलं तर तिथेच थांबा. आत नाक हललं की काम संपलं, झाकण लावा आणि दूर व्हा. डोकं बाहेर काढून पिल्लू दिवस-दोन दिवस तसंच बसतं, बलक ओढत असतं. त्याला ओढून काढणं हीच सगळ्यात महागडी मदत. लेपर्ड गेकोच्या अंड्याला मात्र मी कात्री लावू नका असंच सांगेन. अंडं लहान, चूक सावरायला जागा नाही, आणि जोडीतलं दुसरं अंडं एक-दोन दिवस मागे राहू शकतं.

बलक पोटाबाहेर लोंबत असताना पिल्लू निघालंच, तर नाळ कापायची नाही, बांधायचीही नाही. हवेची भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात ओला टिश्यू पेपर अंथरून पिल्लू त्याच इन्क्युबेटरमध्ये परत ठेवा. दोन-चार दिवसांत बलक ओढला जातो किंवा सुकून गळतो. बलकाची पिशवी फुटली तर मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्यायचं. जगण्याजोगं नसलेलं पिल्लू फ्रीजरमध्ये टाकू नका. त्यात वेदना होत नाहीत असं खात्रीने सांगता येत नाही. तेही काम डॉक्टरांचंच. मेलेलं पिल्लू तपासणीला पाठवायचं असेल तर तेही गोठवू नका, फ्रीजमध्ये थंड ठेवून लवकर पोचवा. गोठवलेल्या पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली नीट वाचता येत नाहीत.

यंत्र तेच, बाकी घाणे चांगले आणि एकाच मादीचे दोन हंगाम ओळीने वाईट गेले, तर मग जोडी तपासा. नर बदलून बघा, मादीचं कॅल्शियम आणि डी-३ जीवनसत्त्व बघा. दोन स्पायडर बॉल पायथन (पैदाशीतून टिकवलेला एक नक्षीचा प्रकार) एकमेकांशी जोडीला लावू नका. स्पायडरमध्ये मान डुलण्याचा दोष मुळातच असतो, आणि जनुक दोन्हीकडून आलेलं पिल्लू जगत नाही असंच पैदासकार मानतात.

मादीकडे या गडबडीत कुणी बघत नाही. बॉल पायथनची मादी अंड्यांना वेटोळं घालून बसते आणि अंडी काढून घेतल्यावरही त्यांच्या वासावर बसून राहते, खात नाही. टब आणि अंथरूण पूर्ण बदला, तिलाही कोमट पाण्याने हलकं धुऊन घ्या. पुष्कळदा त्यानंतर ती खायला लागते. अंडी घालण्याआधीचं वजन परत येईपर्यंत तिला नराजवळ सोडू नका, मग त्यात एक पूर्ण हंगाम गेला तरी चालेल.