हौज खासची दुपार

दिल्लीच्या हौज खास गावातील एका बारच्या दारावरची गुलाबी निऑन पाटी कोणीतरी बंद करायची विसरले होते, आणि वैशाखातल्या दुपारी तीनच्या उन्हात ती इतकी फिकी पडली होती की ती चालू आहे याची खात्री करून घेण्यासाठी मला हाताची सावली करावी लागली. शेजारच्या फळ्यावर खडूने ‘आज रात्री’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते. ती रात्र कालची की आजची, हे सांगायला कोणी जागे नव्हते. एक मुलगा नळीने पायऱ्या धूत होता, दुसरा रिकाम्या बाटल्यांचे क्रेट टेम्पोत चढवत होता, आणि त्या खणखणाटाखेरीज गल्लीत आवाज नव्हता.

कोणत्याही दिल्लीकराला विचारावे, तो सांगेल की हौज खासला जायचे ते रात्री नऊनंतर. शनिवारी त्या अरुंद गल्लीत माणूस माणसाला घासून चालतो, चार मजल्यांवरून चार प्रकारचे संगीत एकाच वेळी खाली उतरते, आणि प्रत्येक जिन्याच्या तोंडाशी उभा असलेला तरुण येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्याच गच्चीवर नेऊ पाहतो. हे मी बरेचसे ऐकून सांगते आहे. रात्रीसाठी प्रसिद्ध असलेल्या जागा भरदुपारी पाहाव्यात, हा माझा जुना हट्ट आहे.

त्याचे मूळ बहुधा आजोळी असावे. जुन्नर तालुक्यातील आमच्या आजोळच्या गावी चैत्रात यात्रा भरत असे आणि यात्रेला तमाशाचा फड येत असे. गावकारभारी पाडव्याच्या सुमारास नारायणगावला जाऊन तेथील राहुट्यांमध्ये बसून सुपारी ठरवीत, आणि ते परतले की मामाच्या ओसरीवर दुसरा विषय निघत नसे. तमाशाच्या रात्री मामा जाई, शेजारचे आप्पा जात, माझ्याहून लहान असलेला मामेभाऊसुद्धा घोंगडी घेऊन जाई. बायका आणि मुली मात्र घरी राहत. आजी दाराला कडी घाली, तरी ढोलकीची थाप भिंतीतून आत येतच राही. मधूनच शिट्ट्यांचा कल्लोळ उठे, आणि तो कशासाठी उठला हे आम्हाला सकाळीही कोणी सांगत नसे.

पण दुपार आमची होती. विहिरीवर जाण्याच्या निमित्ताने कनातीच्या मागच्या बाजूला जाता येई. जिच्याविषयी ओसरीवर दबक्या आवाजात बोलणे चाले ती बाई तेथे न्हालेले केस मोकळे सोडून सुपात तांदूळ निवडत बसलेली असे. जरीची लुगडी दोरीवर वाळत असत, ढोलकीवाला ट्रकच्या सावलीत उताणा झोपलेला असे, आणि चाळातून सुटलेले एक घुंगरू घेऊन कोणाचे तरी मूल खेळत असे. त्या बाईने एकदा मला जवळ बोलावून माझी विस्कटलेली वेणी घालून दिली. आजीला हे कळले तेव्हा आता ती वेणी सोडणार असे मला वाटले, तिने नुसता हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, “घट्ट घातलीय गं.”

हौज खासची दुकानेही अशीच दुपारी पाहावीत. सकाळी ती घाईने उघडत नाहीत आणि संध्याकाळी गर्दीमुळे काही दिसत नाही. ठसेछपाईचे कुर्ते, चांदीच्या म्हणून चालून जातील अशी कानातली, हातकागदाच्या वह्या, जुन्या हिंदी चित्रपटांची पोस्टरे असा तेथील माल. कापड दोन बोटांत धरून पोत पाहण्याचा आव आणायचा आणि त्याच वेळी अंगठ्याने किमतीची चिठ्ठी उलटायची, ही विद्या मला आईने तुळशीबागेत दिली. मात्र तुळशीबागेत त्यानंतर घासाघीस असते, दुकानदाराचा रुसवा असतो, चार पावले पुढे गेल्यावर मागून येणारी हाक असते. येथे वातानुकूलित शांततेत एक मुलगी हसून उभी राहते आणि चिठ्ठीवरचा आकडा कोणाशीही बोलत नाही. म्हणून मी बहुधा काहीच घेत नाही. पोस्टरांच्या दुकानात जास्त वेळ रेंगाळते, कारण तेथे नुसते पाहणाऱ्याला कोणी गिऱ्हाईक समजत नाही.

ही सारी कलंदर मंडळी येथेच का जमली, याचे उत्तर त्यांच्या सौंदर्यदृष्टीत शोधण्यापेक्षा महसुली नकाशात शोधावे. 1908 पासून दिल्लीच्या गावांतील राहत्या वस्तीभोवती लाल डोरा आखला जाऊ लागला आणि पुढे त्या रेषेच्या आतल्या बांधकामांना महापालिकेच्या बऱ्याच नियमांतून सूट मिळत गेली. भोवतालची शेते शहराने गिळली, बंगल्यांच्या वसाहती उठल्या, आणि प्रामुख्याने जाटांचे हे गाव मधोमध तसेच उरले. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात बीना रमाणी यांच्यासारख्या फॅशन व्यवसायातील लोकांना स्वस्त भाड्याची घरे, दाराशी म्हशी आणि पाठीमागे भग्न घुमट असा देखावा येथे सापडला. बुटिके आली, त्यांच्यामागून चित्रदालने आली, नंतर कॅफे आणि बार आले. भाडी चढली तशी आधी आलेल्यांपैकी कित्येक दुकाने शाहपूर जाटसारख्या दुसऱ्या गावठाणांत निघून गेली. 2013 मध्ये सांडपाण्याचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले आणि अनेक उपाहारगृहांना काही दिवस टाळे लागले, एवढाच काय तो खंड. त्या दुपारी एका जिन्याखाली खाट टाकून एक म्हातारेबुवा वर्तमानपत्र वाचत पडले होते. त्यांच्या डोक्यावर बरोबर ‘एकावर एक मोफत’ अशी पाटी होती. घरमालक तेच असावेत, कारण इतके निश्चिंत दुसरे कोणी त्या गल्लीत दिसले नाही.

गल्ली संपते तेथे फाटक आहे आणि फाटकाच्या आत चौदावे शतक. सिरी या आपल्या नव्या शहराला पाणी मिळावे म्हणून अलाउद्दीन खल्जीने येथे प्रचंड हौद खणवला. फिरोजशहा तुघलक 1351 मध्ये गादीवर आला तोवर तो गाळाने बुजला होता. लोक त्यात शेती करीत होते आणि विहिरी खणून त्यांचे पाणी विकत होते, असे फिरोजशहाने स्वतःच लिहून ठेवले आहे. सुलतानाच्या कोरड्या हौदात बिनदिक्कत नांगर घालणाऱ्या त्या माणसांविषयी मला फार आपुलकी वाटते. फिरोजशहाने गाळ उपसून घेतला, काठावर दुमजली मदरसा बांधला, आणि त्याच्या दोन बाजू जेथे काटकोनात मिळतात तेथे स्वतःच्या कबरीची घुमटदार इमारत उभी केली. 1398 मध्ये तैमूर येथे तळ देऊन राहिला. एका काठावरून सोडलेला बाण दुसऱ्या काठाला पोहोचत नाही एवढा हा हौद आहे, असे त्याच्या स्वारीच्या वृत्तांतात म्हटले आहे. मुतह्हर नावाच्या त्या काळच्या कवीने मदरशाचे वर्णन करताना शिराझ आणि दमास्कसचे गालिचे सांगितले आहेतच, पण पंगतीतील पाखरांचे, माशांचे, भाजलेल्या मांसाचे प्रकारही चवीने सांगितले आहेत. तेव्हा हौदाकडे तोंड करून चांगलेचुंगले खाण्याची येथील प्रथा गच्चीवरच्या कॅफेंनी सुरू केली असे कोणी समजू नये.

याच अलाउद्दीनने सुलतान होण्यापूर्वी, 1296 मध्ये, देवगिरीवर चाल केली होती. रामदेवराय यादवाकडून मिळालेली अपार लूट घेऊन तो परतला आणि तिच्या बळावर, चुलत्याचा खून करून, दिल्लीच्या गादीवर बसला. या हौदाच्या खोदाईत देवगिरीचे किती सोने गेले असेल, असा विचार मराठी माणसाच्या मनात येणारच, आणि आला की थोडे संतापणेही शोभून दिसेल. मी प्रयत्न केला. पण समोरच्या झरोक्यात बसलेला एक मुलगा गिटारवर तीनच सुरांशी झटत होता आणि त्याची मैत्रीण अतिशय सहनशीलपणे ऐकत होती. यादवांच्या पराभवावर लक्ष टिकेना. हौदात आता आहे ते पाणी बहुतांशी शुद्ध केलेले सांडपाणी आहे, शेवाळाने हिरवे झालेले, आणि वारा फिरला की ते आपली ओळख देते.

मदरशाच्या कमानीकमानीत दुपारी अशी जोडपी बसलेली असतात. त्यांतल्या मुली दर थोड्या वेळाने फोनवर वेळ पाहतात. सूर्य कलला की पहारेकरी शिट्टी वाजवत फिरू लागतो, पण त्याच्या शिट्टीआधीच बऱ्याच मुली उठलेल्या असतात, ओढणी सारखी करून मेट्रोच्या दिशेने चालू लागलेल्या असतात. घरी त्यांनी वाचनालय सांगितले असेल किंवा जादा तास. यांनाही दुपारच वाट्याला आलेली आहे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. तोवर मी त्यांच्याकडे, आपल्याला काय करायचे आहे, अशा नजरेने पाहत असे. त्या बाहेर पडतात तेव्हा रात्रीच्या पहिल्या मुली रिक्षांतून उतरत असतात, आणि फाटकापासून गल्लीच्या तोंडापर्यंत दोन्ही प्रकारच्या मुली एकमेकींना ओलांडून जातात.

दिल्लीत शिकणारी माझी भाची या दुसऱ्या गटातली आहे. “मावशी, तू इथली रात्र पाहिलीच नाहीस, तर तुला ही जागा कळणार कशी?” असे ती म्हणते, आणि तिच्या म्हणण्यात चूक काढता येत नाही. मी गर्दीचे कारण देते, आवाजाचे देते, गुडघ्यांचेही देते. वास्तविक येथून मुनिरका फार दूर नाही. तेथून 16 डिसेंबर 2012 च्या रात्री एक मुलगी आपल्या मित्रासोबत चित्रपट पाहून घरी परतण्यासाठी बसमध्ये चढली होती. भाची तेव्हा शाळेत होती आणि ती बातमी तिने मोठ्या माणसांच्या तोंडून तुटक तुटक ऐकली. ती हौज खासला गेली की रात्री साडेबाराला मी ‘पोहोचलीस का’ एवढेच लिहून पाठवते. उत्तरादाखल ती बहुधा नुसता अंगठा पाठवते. जावे तिने; तिला अडवण्याचे माझ्या मनातही येत नाही. पण तो अंगठा येईपर्यंत मी दिवा मालवत नाही.