गाडी लावताना शेजारच्या गाडीची डावी बाजू बघा

बाईक कुठेही बसते, हा तिचा मोठा फायदा आणि पार्किंगची निम्मी भांडणं पण त्यातूनच. कारवाल्याला मुळात जागाच मिळत नाही त्यामुळे त्याला चार वेळा विचार करावा लागतो, आपल्याला मात्र दोन कारमधली फट, झाडाशेजारचा तुकडा, फुटपाथचा उतार, सगळीकडे पार्किंगच दिसतं. आणि मग "दोनच मिनिटं" म्हणून गाडी टाकून आपण निघून जातो. मला वाटतं आपण जागा मोजतो तीच चुकीची मोजतो. गाडी जेवढ्यात मावली तेवढीच जागा तिने घेतली असं आपण धरतो, पण ती उभी राहिल्यामुळे आजूबाजूची किती जागा दुसऱ्यांसाठी बंद झाली हे कोणी बघतच नाही.

शेजारी-शेजारी लावलेल्या गाड्यांचंच घ्या. आपण गाडीवर डावीकडून चढतो, साइड स्टँड डावीकडे, गाडी झुकते पण डावीकडेच. म्हणजे ज्याला गाडी काढायचीये त्याला गाडीच्या डाव्या अंगाला उभं राहायला, पायाने स्टँड मागे सारायला आणि गाडी सरळ करायला जागा लागते, उजव्या अंगाला त्याला फारसं काहीच लागत नाही. आता तुम्ही त्याच्या डाव्या हाताला अगदी चिकटवून गाडी लावली तर तुमच्या गाडीची उजवी बाजू बरोब्बर त्याच्या त्या जागेत येते, आणि बहुतेक मोटारसायकलींचा सायलेन्सर उजवीकडेच असतो! तुम्ही लांबून आलेले, सायलेन्सर तापलेला, तो बिचारा फटीत पाय घालून स्टँड शोधतोय आणि पोटरी थेट गरम लोखंडाला. सायलेन्सर गाडी बंद केल्यावर पण बराच वेळ चटका देण्याइतका गरम राहतो आणि लहान मुलांच्या तर तो हाताच्या उंचीला येतो. म्हणून रांगेत शिरताना आधी शेजारच्या गाडीची डावी बाजू बघायची, तिथे एक माणूस नीट उभा राहील एवढं अंतर सोडायचं, नसेल सुटत तर ती जागा आपली नाही, पुढे जायचं. उजव्या हाताला लावताना एवढं सांगावं लागत नाही कारण तिथे उतरायला आपल्यालाच जागा लागते, ती आपण आपोआप सोडतो.

आता हँडल लॉकचा वाद. गर्दीच्या ठिकाणी अनेक जण म्हणतात की लॉक लावू नका, न्यूट्रलला ठेवा, म्हणजे दुसऱ्याला गाडी सरकवता येते. मला हे पटत नाही. १९६८ साली व्हिएन्नामध्ये रस्ते वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, अनेक देशांचे वाहतुकीचे नियम त्याच्यावर बेतलेले आहेत, त्यात थांबण्या-लावण्याच्या कलमातच म्हटलंय की चालकाने गाडी सोडून जाताना अपघात होणार नाही याची आणि दुसरं कोणी परवानगीशिवाय ती वापरणार नाही याची काळजी घ्यायची. म्हणजे लॉक लावणं हे आपलं कामच आहे. त्याच कलमात हे पण आहे की नीट लावलेल्या दुसऱ्या गाडीला बाहेर पडता येणार नाही अशा जागी गाडी लावायची नाही. ही दोन्ही वाक्यं एकत्र वाचली की वाद मिटतो. लॉक लावा, पण अशा ठिकाणी लावा की तुमची गाडी हलवायची कोणाला गरजच पडू नये. दुसऱ्या ओळीत, आतल्या गाड्यांच्या तोंडासमोर आडवी गाडी लावायची आणि वर हँडल लॉक करून जायचं, हा प्रकार मला सगळ्यात जास्त संताप आणतो, कारण आत अडकलेल्या माणसाला कोणाचं ऑपरेशन आहे का ट्रेन आहे हे तुम्हाला माहीत नसतं, आणि तुमचा नंबर पण त्याच्याकडे नसतो.

गंमत म्हणजे याच करारात दुचाकींना एक सवलत आहे. रस्त्यावर एकाला एक लागून दोन ओळीत गाड्या लावायच्या नाहीत हा नियम बाकी वाहनांना आहे, सायकल, मोपेड आणि साइडकार नसलेली मोटारसायकल यांना त्यातून वगळलंय. देशोदेशीचे आणि शहराशहराचे नियम अर्थात वेगळे असतात तेव्हा तिथला बोर्ड वाचायचाच. पॅरिसने सप्टेंबर २०२२ पासून पेट्रोलच्या दुचाकींना रस्त्यावर उभं राहायचे पैसे लावले आणि इलेक्ट्रिकला सूट दिली. उलट ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नचं राज्य, तिथे फुटपाथवर मोटारसायकल लावायची मुभा आहे, अट एवढीच की कोणाची वाट अडली नाही पाहिजे.

फुटपाथचं थोडं सविस्तर लिहितो, कारण जिथे परवानगी आहे तिथे पण लोक चुकीच्या कडेला लावतात. आपल्याला वाटतं भिंतीला चिकटवली की मधला रस्ता मोकळा राहिला, पण पांढरी काठी घेऊन चालणारे बरेच जण भिंतीच्या कडेनेच वाट काढतात, काठी भिंतीला टेकवत टेकवत. त्यांच्यासाठी भिंतीलगतची गाडी म्हणजे अचानक आलेलं हँडल, आणि ते कंबरेला किंवा छातीला लागतं कारण काठी खाली टायरला लागेपर्यंत आरसा आधीच अंगावर आलेला असतो. तेव्हा परवानगी असेल तर रस्त्याच्या कडेला, भिंत मोकळी सोडून. आणि अंध माणसाला पायाने आणि काठीने वाट कळावी म्हणून बसवलेल्या त्या पिवळ्या उंचवट्याच्या फरशा. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी त्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसवल्या. लांब रेघांची फरशी म्हणजे इकडून चला, ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. त्या फरशीवर नुसता साइड स्टँड टेकवला तरी माणसाची वाट तुटते. व्हीलचेअरला साधारण ९० सेंटीमीटर सलग मोकळी वाट लागते, आणि फुटपाथवरून खाली उतरायचा जो उतार असतो तो गाडी चढवायला सोयीचा म्हणून बंद करायचा नाही, तो ज्याच्यासाठी आहे त्याला दुसरी जागाच नाहीये.

तसंच अपंगांच्या पार्किंगशेजारी तिरक्या रेघा मारलेली पट्टी असते ना, ती रिकामी दिसते म्हणून त्यात बाईक घुसवतात. ती पट्टी कारचं दार पूर्ण उघडून व्हीलचेअर बाहेर काढायला ठेवलेली असते. माणूस परत येतो, बघतो तर मध्ये बाईक, आणि तो स्वतःच्याच गाडीत बसू शकत नाही. इथे दोन मिनिटं पण नाही म्हणजे नाही.

कार पार्किंगच्या चौकटीत बाईक लावायची वेळ आली तर (जिथे चालतं तिथे) मधोमध एकटी लावू नका, एका टोकाला काटकोनात लावा म्हणजे अजून दोन-तीन जण मावतात. पण एकदम आत खोल पण नको, लांबून चौकट रिकामी वाटते आणि कारवाला वळून आत येतो.

कडेला लावताना मागचं चाक कडेला आणि तोंड रस्त्याकडे. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, तोंड आत घालून लावलीत तर निघताना दीडशे-दोनशे किलोची गाडी उलटी, चढावर, ते पण ट्रॅफिकमध्ये मागे न बघता ढकलावी लागते. रस्त्याला समांतर लावताना या उताराचा अजून एक परिणाम आहे जो फार कोणी सांगत नाही. डावीकडून वाहतूक असलेल्या देशात कड डावीकडे, त्यामुळे गाडी नेहमीपेक्षा जास्त कलते, आणि उजवीकडून वाहतूक असेल तर कड उजवीकडे, मग गाडी इतकी सरळ उभी राहते की कोणाचा धक्का लागला तर उजवीकडेच आडवी. घाटासारख्या चढ-उतारावर तोंड चढाकडे करा आणि पहिल्या गिअरमध्ये ठेवा, कारण गाडी थोडी जरी पुढे सरकली तरी साइड स्टँड मिटतो. उन्हात डांबर मऊ होतं, स्टँड हळूहळू रुततो, म्हणून त्याच्याखाली चपटी फळी किंवा पत्र्याचा तुकडा टाकायचा.

दुसऱ्याची गाडी हलवावीच लागली तर आरसा किंवा क्लच लिव्हर धरून ओढायची नाही, सीटवर बसायचं नाही, मागच्या ग्रॅब रेलला (सीटमागच्या दांड्याला) धरून हळू सरकवायची आणि आपली निघाली की तिची तिला परत होती तिथे लावायची. ती नो पार्किंगमध्ये किंवा दुसऱ्याच्या दारात सरकवून निघून जाणारे लोक मी बघितलेत, पावती मात्र ज्याने नीट लावली होती त्याच्या नावाने फाटते.

आणि रांगेत कोणाची गाडी पडलेली दिसली तर उचला, पुढे जाऊ नका. उजव्या अंगावर पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड उघडून ठेवा, नाहीतर सरळ केल्यावर ती धरून पलीकडे पाय पोचत नाही आणि ती तुमच्या हातून डावीकडे जाते. शक्य असेल तर गिअरमध्ये टाका म्हणजे घसरणार नाही, एकट्याने झेपत नसेल तर कोणाला तरी हाक मारा. मग टाकीवर किंवा मीटरमध्ये एक चिठ्ठी खोचा की गाडी पडली होती, कारण पडलेल्या गाडीचं पेट्रोल गळलेलं असू शकतं, लिव्हर वाकलेला असू शकतो, आणि हे मालकाला चावी फिरवायच्या आधी कळलं पाहिजे.