पाच सेकंद आणि एक 'च्च'

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

तोंडातून 'च्च' निघालं. झालं एवढंच. आणि आता झोप येत नाही.

मनूला टीव्ही-डी1चं रेकॉर्डिंग बघायचं होतं. 21 ऑक्टोबर 2023चं, गगनयानच्या चाचणी वाहनाचं. सकाळी आठचं उड्डाण आधी साडेआठवर, मग पावणेनऊवर ढकललेलं, आणि पावणेनऊला घड्याळ पाच सेकंदांवर येऊन थांबलेलं. पुढचं मला तोंडपाठ आहे. दहा वाजता उडतं, साधारण 17 किलोमीटर उंचीवर क्रू मॉड्यूल (अंतराळवीरांची कुपी) सुटतं, पॅराशूट उघडतात, किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटरवर समुद्रात अलगद पडतं. तरीही आकडा पाचावर थिजला आणि मी 'च्च' केलं.

"काका, बंद पडलं?"

"नाही रे, थांबवलं."

"मग तू च्च का केलंस?"

वहिनींनी जेवायला हाक मारली म्हणून सुटलो. बापटांचाही फोन येऊन गेला, घेतला नाही. ते उद्या.

च्च का केलं? मला तर होल्ड म्हणजे काय ते माहीत आहे. शेवटच्या मिनिटांत माणसांचा हात सुटतो, स्वयंचलित प्रक्षेपण क्रम सुरू होतो आणि घड्याळ संगणकाच्या ताब्यात जातं. टाक्यांमधला दाब, झडपांची उघडझाप, बॅटऱ्यांचं व्होल्टेज, प्रत्येकाला खालची-वरची मर्यादा ठरलेली. एक आकडा बाहेर गेला की होल्ड. तिथे 'बघू या, चालून जाईल' हा प्रकार नाही. त्या मर्यादा कितीतरी आधी, चहा पिता पिता, शांत डोक्याने ठरवतात, कारण पाच सेकंद उरल्यावर कुणाचंच डोकं शांत नसतं.

त्या सकाळी इंजिनाचं प्रज्वलन अपेक्षेप्रमाणे झालं नाही म्हणून संगणकाने थांबवलं. नंतर तेव्हाचे इस्रोप्रमुख सोमनाथ यांनी सांगितलं की घोळ देखरेखीच्या यंत्रणेत होता. म्हणजे चोर नव्हताच, राखणदारालाच भास झाला. माझं 'च्च' बहुतेक तिथून आलं: उगाच थांबलं. पण 'उगाच' हे सव्वा तासाने कळलं. पाच सेकंद उरलेले असताना खोटं बोलणारा सेन्सर आणि खरोखर बिघडलेलं इंजिन यांत फरक दिसतच नाही. दोघांचा आकडा तोच.

2022च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या आर्टेमिस-1 या चंद्रमोहिमेचंही असंच. 29 तारखेला चारपैकी एक इंजिन पुरेसं थंड होत नाही म्हणून उड्डाण रद्द, आणि मागाहून निष्कर्ष असा की सेन्सरच चुकीचा होता. पण 3 सप्टेंबरला थांबले ते खऱ्याखुऱ्या हायड्रोजनगळतीमुळे. दोन्ही दिवशी पडद्यावर रद्दच.

आणि पाच सेकंद म्हणजे तरी किती? रॉकेट कुठलं त्यावर आहे. इस्रोच्या पीएसएलव्हीचा पहिला टप्पा घन इंधनाचा, सुमारे 139 टन. एलव्हीएम3च्या बाजूचे दोन बूस्टरही घनच, प्रत्येकी 200 टनांच्या आसपास. (या बूस्टरांची केसिंग आपल्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बनतात, हे पुण्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसतं.) घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही. दिवाळीतल्या बाणाची वात पेटली की पळायचं, तसंच. जुन्या जीएसएलव्हीची रचना वेगळी आहे. तिथे बाजूचे चार द्रव इंधनाचे टप्पे शून्याच्या 4.8 सेकंद आधी पेटतात, संगणक चौघांचा जोर तपासतो, आणि मगच मधला घन टप्पा पेटवतो. 28 मार्च 2001ला चारपैकी एकाने जोर धरला नाही. एक सेकंद उरलेला असताना संगणकाने इतर तिघांनाही बंद केलं. रॉकेट तळावरच राहिलं आणि तीन आठवड्यांनी, 18 एप्रिलला तेच उडालं. मधला टप्पा पेटला असता तर तीन पायांची शर्यत झाली असती. एका सेकंदात. आणि मी पाच सेकंदांवर 'च्च' करतो.

पण घाई म्हणजे नुसता हावरटपणा असंही नाही. थांबणं फुकट मिळत नाही. द्रव ऑक्सिजन उणे 183 अंशांना, द्रव हायड्रोजन उणे 253ला. एकदम ओतायचं नाही. आधी थोडं सोडून पाइप आणि टाकी थंड करायची, ते उकळून वाफ होऊन बाहेर जातं, धातू गार झाला की मग धार वाढवायची. भरून झालं तरी उकळणं सुरूच, म्हणून शेवटपर्यंत वरून भर घालत राहावी लागते. तासभर होल्ड म्हणजे तासभर भर. रद्द केलं तर सगळं उपसायचं, टाक्या पुन्हा साध्या तापमानाला आणायच्या, आणि पुढच्या वेळी परत गार. दर खेपेला धातू आकसतो, प्रसरतो, सील चिरडतं, जोड सैल होतो. नेहमीच्या तापमानाला हेलियम भरून तपासलेला, अगदी घट्ट असलेला जोड उणे 253ला गळू शकतो. म्हणजे सावधगिरीपायी केलेलं रद्द पुढच्या गळतीची तयारी करून ठेवतं.

स्पेसएक्सच्या फाल्कन 9 रॉकेटला तर थांबायची सोयच नाही. तिथे ऑक्सिजन उणे 207च्या आसपास गार करून दाट केलेला, उड्डाणाच्या 35 मिनिटं आधी भरायला सुरुवात. शेवटच्या मिनिटांत होल्ड आला तर तो 'कोमट' होतो (उणे दोनशेला कोमट म्हणतात ही माणसं) आणि बहुतेकदा दिवसच वाया जातो. शुभांशू शुक्लांचं 11 जून 2025चं उड्डाण याच ऑक्सिजनच्या गळतीने पुढे गेलं, मग अंतराळ स्थानकाच्या रशियन भागातली गळती तपासत बसले, आणि शेवटी 25 जूनला गेले. तेव्हाही मी 'च्च' केलं असणार. मोजलं नाही.

1979चं मात्र रात्रीचं छळतं. 10 ऑगस्ट, एसएलव्ही-3 रॉकेटचं पहिलं उड्डाण, प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम. संगणकाने होल्ड दिला. कलामांनी पुढे कितीतरी व्याख्यानांत स्वतःच सांगितलंय: गळती दिसत होती, तज्ज्ञ म्हणाले साठा पुरेसा आहे, आणि त्यांनी संगणक बाजूला ठेवून उडवायला सांगितलं. दुसऱ्या टप्प्याचं नियंत्रण गेलं आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात. या गोष्टीचा उत्तरार्ध आपल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतो: तेव्हाचे इस्रोप्रमुख सतीश धवन यांनी पत्रकारांसमोर अपयश स्वतःवर घेतलं, आणि पुढच्या वर्षी 18 जुलैला यश आलं तेव्हा कलामांना पुढे पाठवलं. सुंदरच आहे ते. पण पूर्वार्ध गाळतात. संगणक 'थांबा' म्हणत होता, हे सांगताना कुणाचा गळा दाटत नाही. कलामांनी मात्र तो गाळला नाही. ते ऐकताना अण्णा नेहमी म्हणायचे... जाऊ दे.

चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाच्या शेवटच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, 27 जानेवारी 1986ला, तर नियमच उलटा फिरला. थांबा म्हणणाऱ्याने पुरावा द्यायचा नसतो. उडवा म्हणणाऱ्याने द्यायचा असतो. त्या रात्रीच्या बैठकीत, थंडीत ओ-रिंग (बूस्टरच्या जोडातली रबरी कडी) काम करणार नाही हे सिद्ध करा, असं अभियंत्यांनाच ऐकावं लागलं. ती रिंग जेमतेम सात मिलिमीटर जाडीची, घेर अकरा मीटरच्या वर. सैल झालेली कुकरची रिंग वहिनी फ्रीजरमध्ये ठेवतात. बाहेर काढल्या काढल्या दाबून बघावी, दबलेली जागा भरून यायला वेळ घेते. ज्वाला तेवढा वेळ देत नाही. उड्डाणानंतर 73 सेकंदांनी यान फुटलं.

म्हणजे मी केलेलं 'च्च' त्या बैठकीतलं होतं? छे, एवढंही नको. दिवाणावर बसून जुनं रेकॉर्डिंग बघणाऱ्या माणसाने इतका मोठेपणा कशाला घ्यावा.

एक मात्र खरं. थांबवणाऱ्याच्या हातात दाखवायला काही उरत नाही. 19 ऑगस्ट 2013ला जीएसएलव्ही-डी5 उड्डाणाच्या 74 मिनिटं आधी थांबवलं, तेव्हा दुसऱ्या टप्प्यातली इंधनगळती समोर दिसत होती. तो टप्पा बदलून, टाकीचा मिश्रधातूही बदलून 5 जानेवारी 2014ला उडवलं. त्यांच्याकडे पुरावा होता. असं नशीब क्वचित. बाकी वेळा जे झालंच नाही त्याचा फोटो कुठून आणणार?

आपल्याकडे याची जुनी सवय आहे म्हणा. मुहूर्त गाठायची धावपळ, गुरुजी घड्याळाकडे बघतायत, नवऱ्यामुलाचा मामा अजून चांदणी चौकात अडकलेला, सगळ्यांच्या मुठीत अक्षता घामेजलेल्या. आणि ऐन त्या क्षणी दर कडव्याला ओरडून काय सांगतात? सावधान! लाँच विंडो (उड्डाणाची ठरलेली वेळ) आणि होल्ड एकाच श्वासात. रामदासांनी तो शब्द तेवढा मनावर घेतला आणि बोहल्यावरून पळाले अशी कथा आहे. शून्यावर रद्द झालेलं तेच आपलं पहिलं प्रक्षेपण असावं. मांडवातल्या किती जणांनी 'च्च' केलं असेल! 'ताराबलं चंद्रबलं तदेव' तर चांद्रयानाला शब्दशः लागू आहे.

चांद्रयान-2चं आठवून मघाशी एकटाच हसलो. 15 जुलै 2019, पहाटे 2 वाजून 51 मिनिटांचा मुहूर्त. राष्ट्रपती श्रीहरिकोट्यात हजर. 56 मिनिटं 24 सेकंद उरलेली असताना थांबवलं. पाहुण्यांकडे बघून कुणी 'होऊन जाऊ द्या' म्हटलं नाही. आठवड्याने 22 जुलैला दुपारी 2 वाजून 43 मिनिटांनी गेलं, आणि चंद्राभोवतीचे मुक्कामाचे दिवस कमी करून उतरण्याची तारीख 6 सप्टेंबरवरून फक्त 7वर सरकली. सात दिवसांचा उशीर एका दिवसात बसवला. घाई कुठे करायची ते त्यांना बरोबर ठाऊक होतं: जमिनीवर नाही, कागदावर.

मनू झोपायला जाताना विचारून गेला की त्या सव्वा तासात ते काय करत होते, कारण व्हिडिओत तेवढंच दाखवत नाहीत. तक्ते बघत होते, म्हटलं. त्याला पटलं नाही. उद्या शाळेतून आल्यावर परत लावायचंय म्हणे, पाच सेकंदांच्या थोडं आधीपासून. येताना कोपऱ्यावरून लिमलेटच्या गोळ्या आणाव्यात. एक त्याला, एक माझ्या तोंडात. गोळी असली की जीभ टाळूला लागत नाही.